नव्या विंडोजवर मराठी फॉन्ट: किती बसवायचे, कुठे ठेवायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जुनं मशीन काढून विंडोज ११ चा लॅपटॉप घेतला आणि जुन्यावरचे हजारावर फॉन्ट पेनड्राइव्हवरून नव्यात टाकले. आता त्यातले काही कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरला दिसत नाहीत. वर्डमध्ये ‘मुक्ता’ हा फॉन्ट निवडला तरी मजकुराचं अक्षर बदलत नाही. जुन्या लग्नपत्रिकांच्या फाइली उघडल्या की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, आणि प्रत्येक सॉफ्टवेअर उघडायला वेळ घेतं. यावर चांगला फॉन्ट मॅनेजर, म्हणजे फॉन्ट सांभाळणारं सॉफ्टवेअर, कोणता?

फॉन्ट मॅनेजर सांगतो, पण शेवटी. तुमची तक्रार एक वाटली तरी दुखणी वेगवेगळी आहेत, आणि पहिली तीन तरी मॅनेजरने बरी होणारी नाहीत.

आधी कोरलचं बघू. विंडोजमध्ये फॉन्ट राहण्याच्या जागा दोन आहेत. एक सगळ्यांच्या ओळखीची: सी ड्राइव्ह, त्यात विंडोज, त्यात फॉन्ट्स. दुसरी २०१८ सालच्या अपडेटपासून आली. ती प्रत्येक युजरच्या ॲपडेटा या लपलेल्या फोल्डरात आहे, आत लोकल, मग मायक्रोसॉफ्ट, मग विंडोज, मग फॉन्ट्स. फाइलवर राइट क्लिक करून नुसतं ‘इन्स्टॉल’ दाबलं की फॉन्ट या दुसऱ्या जागी जातो. म्हणूनच ॲडमिनचा पासवर्ड न विचारता काम होतं. पण फॉन्टांची यादी विंडोजकडे न मागता स्वतः जुन्या फोल्डरात जाऊन शोधणारी सॉफ्टवेअर असतात, विशेषतः काही वर्षांपूर्वीच्या आवृत्त्या. त्यांना हे फॉन्ट सापडत नाहीत. उपाय सोपा आहे: तोच फॉन्ट काढा, पुन्हा राइट क्लिक करा आणि ‘इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स’ निवडा. काही मशीनवर त्यासाठी आधी ‘शो मोअर ऑप्शन्स’ दाबावं लागतं. पंचवीस फाइली एकदम सिलेक्ट करूनही हे चालतं. मी कामाच्या मशीनवर कायम याच मार्गाने फॉन्ट टाकतो, दुसरा मार्ग नाहीच वापरत.

पेनड्राइव्हवरून टाकले म्हणता, म्हणून आणखी एक तपासा. कंट्रोल पॅनलमधल्या फॉन्ट्सच्या खिडकीत डावीकडे ‘फॉन्ट सेटिंग्ज’ असतं. तिथे शॉर्टकट वापरून फॉन्ट बसवू देण्याची एक खूण आहे. ती चालू ठेवून फॉन्ट बसवले असतील, तर विंडोज मूळ फाइल कॉपी न करता फक्त पत्ता लिहून ठेवू शकतं. पेनड्राइव्ह काढला की फॉन्ट गेले. त्याच पानावर भाषेनुसार फॉन्ट लपवायचीही एक खूण असते. मशीनवर मराठी किंवा हिंदी भाषा जोडलेली नसेल, तर देवनागरी फॉन्ट असूनही काही यादीत न दिसण्याचं ते एक कारण. दोन्ही खुणा काढून टाका.

झिप फाइलच्या आतूनच फॉन्ट बसवायला जाऊ नका. आधी झिप सोडवा, मग बसवा. आणि फाइल चांगली असूनही ‘हा व्हॅलिड फॉन्ट नाही’ असा निरोप आला तर विंडोजची फायरवॉल सर्व्हिस कोणी बंद केली आहे का ते बघा. फॉन्टचा आणि फायरवॉलचा काय संबंध, असं कोणालाही वाटेल. पण ती सर्व्हिस बंद असली की फॉन्ट बसत नाहीत. ‘मशीन फास्ट करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातून आलेल्या मशीनवर हे हमखास सापडतं.

जुन्या मशीनचं फॉन्ट्स फोल्डर सगळंच्या सगळं उचलून नव्यात ओतणं, हे मात्र करायला नको होतं. त्यात बरेच फॉन्ट जुन्या विंडोजचे स्वतःचे असतात. नव्या विंडोजकडे त्यांच्या नव्या आवृत्त्या आहेत, आणि ‘आधीच आहे, बदलू का?’ या प्रश्नाला तुम्ही सरसकट ‘हो’ म्हटलं असेल तर काही ठिकाणी नव्याच्या जागी जुनं बसलं असण्याची शक्यता आहे. निवडून आणायचे असतील तर जुन्या मशीनवर त्या फोल्डरचा व्ह्यू ‘डिटेल्स’ करा आणि वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून दोन रकाने जोडा: ‘डिझाइन्ड फॉर’ आणि ‘फॉन्ट एम्बेडेबिलिटी’. पहिल्यात देवनागरी म्हणून नोंदलेले फॉन्ट एका जागी येतात. दुसरा रकाना फॉन्ट दुसऱ्या फाइलमध्ये घालून पाठवायची परवानगी आहे की नाही ते सांगतो. त्याचं काम पुढे येईल.

मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट जुन्या मशीनवर होते आणि नव्यावर नाहीत, म्हणून कॉपी करायचे असतील तर थांबा. मंगल विंडोज २००० पासून आहे, बाकीचे तीन विंडोज ७ बरोबर आले. विंडोज १० पासून हे चौघे ऐच्छिक झाले, कारण पडद्यावरचं काम आता विंडोजचा निर्मला यूआय हा फॉन्ट करतो. सेटिंग्जमध्ये ‘ऑप्शनल फीचर्स’ शोधा, तिथे ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ जोडा. मायक्रोसॉफ्टकडूनच उतरतील, आणि ताज्या आवृत्तीचे.

आता खिचडी. याच जागी लोकांचे दिवसच्या दिवस जातात, म्हणून जरा सविस्तर.

मराठी डीटीपीतले, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावण्याच्या कामातले जुने फॉन्ट, म्हणजे श्रीलिपीचे पारंपरिक फॉन्ट, सी-डॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएम पॅकेजमधले डीव्हीबी नावाने सुरू होणारे, शिवाजी, किरण, हिंदीवाल्यांचा कृतीदेव, हे खरं तर इंग्रजी फॉन्ट आहेत. म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी फाइलमध्ये इंग्रजी अक्षरं आणि टोप्या-टिंबं लावलेली युरोपीय चिन्हं आहेत, त्यांचं चित्र तेवढं ‘क’, ‘ख’, काना, मात्रा असं काढलेलं आहे. फॉन्ट आहे तोवर मराठी दिसतं, फॉन्ट गेला की खरं रूप उघडं पडतं. त्यातही प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, त्यामुळे श्रीलिपीत केलेल्या मजकुराला दुसऱ्या कंपनीचा फॉन्ट लावला तरी खिचडीच. पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरला तर युनिकोड, म्हणजे देवनागरीच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक देणारी जागतिक पद्धत, कळतच नाही, आणि आपल्याकडे तो अजून गावोगावच्या प्रेसमध्ये चालू आहे, म्हणून हे जुने फॉन्टही जिवंत आहेत.

तेव्हा जुन्या पत्रिका उघडायच्या असतील तर नेमका तोच फॉन्ट, त्याच नावाचा, बसवावा लागेल. नाव म्हणजे फाइलचं नाव नव्हे. फॉन्टच्या आत एक नाव कोरलेलं असतं, सॉफ्टवेअर तेच वाचतं. फाइलचं नाव बदलून काही होत नाही. फाइलवर डबल क्लिक केलं की नमुना उघडतो, त्याच्या वरच्या ओळीत खरं नाव दिसतं. जुनी फाइल उघडताना कोरल कुठला फॉन्ट सापडत नाही त्याची यादी दाखवतं. ती घाईने ‘ओके’ करू नका, आधी लिहून घ्या.

श्रीलिपीसारख्या पॅकेजला डाँगल, म्हणजे मशीनला लावायची परवान्याची किल्ली, लागायचा तो आता हरवला असेल, तर फॉन्ट असूनही टायपिंग होणार नाही, नुसतं दिसेल. अशा वेळी मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये नेणं बरं. कन्व्हर्टरला मूळ फॉन्ट कोणता ते अचूक सांगावं लागतं, आणि बाहेर आलेला मजकूर प्रूफ वाचल्यासारखा वाचावा लागतो. पहिली वेलांटी आणि रफार इथे नजर ठेवा. जुन्या फॉन्टात ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि क नंतर साठवलेला असतो, दिसतं त्या क्रमाने. युनिकोडमध्ये क आधी, वेलांटी नंतर. कन्व्हर्टर हा क्रम उलटवतो, आणि ‘आर्थिक’, ‘मूर्ती’, ‘वर्षांनी’ अशा शब्दांत कधी रफार शेजारच्या अक्षरावर जातो, कधी अनुस्वार हरवतो. पत्रिकेत वधूच्या आडनावावरचा रफार गेला तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

वर्डमधल्या मुक्ताची गोष्ट याच धाग्यातली आहे. वर्ड प्रत्येक मजकुरासाठी एकाच वेळी दोन फॉन्ट लक्षात ठेवतो: एक रोमन लिपीसाठी, एक ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’साठी, आणि देवनागरी त्या दुसऱ्यात मोडते. मजकूर सिलेक्ट करून कंट्रोल आणि डी दाबा. जी खिडकी उघडते तिच्यात वर लॅटिनचा फॉन्ट आणि खाली कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सचा फॉन्ट, स्टाइल, साइज असे वेगळे कप्पे दिसतील. खालच्या कप्प्यात मंगल पडून असेल. तिथे मुक्ता निवडा, साइजही तिथलीच बदला. वरचा १६ आणि खालचा ११ राहिल्यामुळे आकडा वाढवूनही अक्षर वाढत नाही, अशी तक्रार नेहमी येते. खालचा कप्पा दिसतच नसेल तर ऑफिसच्या लँग्वेज सेटिंगमध्ये मराठी जोडा आणि वर्ड पुन्हा उघडा. एकेक परिच्छेद बदलत बसण्यापेक्षा ‘नॉर्मल’ स्टाइलमध्येच हा बदल केला की संपलं.

गंमत अशी की श्रीलिपीचा जुना मजकूर वरच्या कप्प्याला दाद देतो, कारण तो वर्डच्या लेखी इंग्रजी आहे. एकाच फाइलमध्ये दोन्ही प्रकारचा मजकूर आला असेल तर अर्ध्या पानांचं अक्षर वरच्या कप्प्याने बदलतं, अर्ध्यांचं खालच्याने. तुमच्याकडच्या मजकुरात युनिकोड कोणता आणि जुना कोणता हे ओळखायची याहून सोपी परीक्षा नाही. लिबर ऑफिसमध्येही हीच विभागणी आहे. तिथे पर्यायांमध्ये भाषेच्या पानावर सीटीएल, म्हणजे कॉम्प्लेक्स लिप्यांची सोय, चालू करावं लागतं.

अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळाच खोडा. इनडिझाइनमध्ये युनिकोड मराठीची जोडाक्षरं तुटून हलंत दिसत असतील तर फॉन्टला दोष देऊ नका. परिच्छेदाच्या पॅनलमधला कंपोझर, म्हणजे ओळी जुळवण्याची पद्धत, ‘वर्ल्ड-रेडी’ करा, अक्षरं जुळतील. जुन्या साठ्यात पीएफबी-पीएफएम जोडीच्या, टाइप वन या जुन्या प्रकारच्या फॉन्टफाइली निघाल्या तर त्या बाजूला काढा. जानेवारी २०२३ पासून अडोबीने त्यांचा आधार बंद केला. डब्ल्यूओएफएफ या फाइली वेबसाइटसाठी असतात, त्या विंडोजवर बसत नाहीत.

नवीन फॉन्ट उतरवताना एक सवय लावून घ्या. गूगल फॉन्ट्सवरून आलेल्या झिपमध्ये बऱ्याचदा बाहेर एकच मोठी फाइल असते, नावात ‘व्हेरिएबल’ असलेली, सगळ्या जाड्या एकत्र भरलेली, आणि आत ‘स्टॅटिक’ नावाचं फोल्डर. वर्ड आणि जुन्या कोरलसाठी स्टॅटिकमधल्याच फाइली बसवा. दोन्ही बसवल्या तर एकाच नावाचे दोन दावेदार होतात आणि पीडीएफमध्ये भलतंच वजन, म्हणजे अक्षराची भलतीच जाडी, उमटतं. शिवाय सगळी वजनं बसवायची गरज नसते. मुक्ताची सात वजनं आहेत, पण वर्डच्या यादीत त्यांतलं रेग्युलर आणि बोल्ड एवढंच एका नावाखाली येतं, बाकीची वेगवेगळ्या फॉन्टसारखी पसरतात. चार पुरतात: लाइट, रेग्युलर, सेमीबोल्ड, बोल्ड.

बोल्डवरून आठवलं. टिरो देवनागरी मराठी हा पुस्तकाच्या मजकुराला फार देखणा फॉन्ट आहे, पण त्यात रेग्युलर आणि इटॅलिक एवढंच आहे. बोल्ड नाहीच. तरीही वर्डमध्ये ‘बी’ दाबलं की अक्षर जाड होतं! ते सॉफ्टवेअरने कडा फुगवून केलेलं खोटं बोल्ड असतं. पडद्यावर खपून जातं, पण छापल्यावर ‘ळ’ची गाठ, ‘क्ष’चं पोट आणि ‘द्ध’मधली फट शाईने बुजते. मथळ्याला जाड अक्षर हवं असेल तर दुसरा फॉन्ट घ्या, ज्याची बोल्ड फाइल खरोखर आहे.

फॉन्ट नवा असो वा जुना, कामाला लावण्याआधी त्यात एक ओळ टाकून बघा. माझी ओळ ही:

दुसऱ्या तऱ्हेच्या ॲपमध्ये स्त्री-वाङ्मय, उद्ध्वस्त शाळा, लाल पट्टी, ऑर्किड, कृष्ण, ज्ञान, दीक्षा. किंमत ₹ १२३४५६७८९०

‘दुसऱ्या’मधला ऱ्य नीट नसेल तर फॉन्ट मराठीच्या कामाचा नाही, मग तो कितीही सुंदर असो. हिंदीसाठी केलेल्या फॉन्टांत तिथे रफार चढतो किंवा हलंत लटकतो. ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला, रुपयाचं चिन्ह २०१० साली. त्याआधीच्या फॉन्टात ही दोन्ही सापडणार नाहीत. चौकोन आला तर निदान लक्षात येतं. खरी फसगत तेव्हा होते, जेव्हा विंडोज गुपचूप निर्मलातून ‘ॲ’ उसना आणतं आणि तो शेजारच्या अक्षरांपेक्षा किंचित बारीक किंवा जाड दिसतो. फ्लेक्सवर तो हातभर मोठा झाला की मग गिऱ्हाइकाच्याही नजरेत येतो.

‘शाळा’ आणि ‘लाल’ हे श आणि ल यांच्या वळणासाठी. मराठी वळण आणि हिंदी वळण वेगळं असतं, आणि काही फॉन्टांत दोन्ही वळणं आत भरलेली असतात. मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवली की मराठी वळण येतं. लिबर ऑफिस हे पाळतं, ब्राउझरही वेबपानाची भाषा बघून पाळतात. टिरोने तर मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा तीन वेगळ्या फाइलीच दिल्या आहेत, त्यामुळे मराठीची घेतली की प्रश्न मिटला. राज्य मराठी विकास संस्थेने काढलेला यशोमुद्राही मोफत आहे आणि मराठी वळणाचाच आहे.

आता मूळ मुद्दा, हजार फॉन्ट. मशीन हे फॉन्टांचं कोठार नाही. माझ्या कामाच्या मशीनवर विंडोजचे सोडून रोजच्या वापरातले मोजके फॉन्ट बसवलेले असतात, बाकी सगळे डी ड्राइव्हवर एका फोल्डरात, कंपनीवार, प्रत्येकाच्या परवान्याच्या फाइलीसकट. आणि प्रत्येक कामाचे फॉन्ट त्या कामाच्या फोल्डरात. दोन वर्षांनी तेच गिऱ्हाईक धाकट्या मुलाची पत्रिका करायला येतं तेव्हा फाइल उघडते, ती यामुळे. इनडिझाइनमध्ये ‘पॅकेज’ केलं की फाइलशेजारी ‘डॉक्युमेंट फॉन्ट्स’ नावाचं फोल्डर तयार होतं. त्यातले फॉन्ट मशीनवर न बसवताही त्या फाइलपुरते चालतात आणि फाइल बंद केली की बाजूला होतात. कोरलमध्ये ‘कलेक्ट फॉर आउटपुट’ आहे. तो फॉन्ट गोळा करून देतो, पण बसवायचे आपल्यालाच.

फॉन्ट मॅनेजरची जागा इथे येते. नेक्सस फॉन्ट किंवा फॉन्टबेस, दोन्ही मोफत मिळतात. कोठाराच्या फोल्डराकडे त्यांना बोट दाखवायचं, तुमची ओळ टाकून शंभर फॉन्ट एका नजरेत बघायचे, आणि हवा तो न बसवता तात्पुरता चालू करायचा. सॉफ्टवेअर हळू उघडण्याचं तुमचं दुखणं यानेच जाईल. मॅनेजर बंद केला की तात्पुरते फॉन्टही जाऊ शकतात, हे ध्यानात ठेवा. पुस्तकासारख्या लांब कामाचा फॉन्ट रीतसर बसवलेलाच बरा. आणि पुस्तक अर्धं लागलेलं असताना फॉन्टची नवी आवृत्ती आली तरी हात लावू नका. अक्षराची रुंदी केसभर बदलली तरी ओळी सरकतात, आणि अनुक्रमणिकेपासून सगळं पुन्हा बघावं लागतं.

प्रेसला फाइल देताना पीडीएफ द्या किंवा पत्रिका असेल तर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करून द्या. कर्व्ह केलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवा, मूळ ओपन फाइल तशीच राहू द्या. वर्डची फाइलच समोरच्याला हवी असेल तर ऑप्शन्समध्ये ‘सेव्ह’च्या पानावर फाइलमध्ये फॉन्ट घालायची सोय आहे. त्याखालची ‘फक्त वापरलेली अक्षरं’ ही खूण मात्र करू नका, नाहीतर समोरच्याला दुरुस्ती करताना नवं जोडाक्षर मिळणार नाही. ज्या फॉन्टच्या ‘एम्बेडेबिलिटी’च्या रकान्यात ‘रिस्ट्रिक्टेड’ लिहिलेलं आहे तो असा जात नाही.

आजच्या आज करायचं ते असं. सगळी सॉफ्टवेअर बंद करा, कंट्रोल पॅनलच्या फॉन्ट्समध्ये जाऊन आणलेले फॉन्ट गटागटाने सिलेक्ट करून उडवा. मूळ प्रती जुन्या मशीनवर किंवा पेनड्राइव्हवर आहेत याची खात्री आधी करा. विंडोज स्वतःचे महत्त्वाचे फॉन्ट सहसा उडवू देत नाही, ‘वापरात आहे’ म्हणतं तो एखादा मशीन पुन्हा चालू केल्यावर जातो. रीस्टार्टनंतरही उडवलेल्याचं नाव यादीत राहिलं किंवा अक्षरं विचित्र दिसली तर सर्व्हिसेसमध्ये ‘विंडोज फॉन्ट कॅशे सर्व्हिस’ थांबवून पुन्हा सुरू करा. मग आधी देवनागरी सप्लिमेंटल, नंतर रोजचे युनिकोड फॉन्ट, आणि सगळ्यात शेवटी जुन्या पत्रिकांपुरते श्रीलिपीचे तेवढे, ज्यांची नावं कोरलच्या यादीतून तुम्ही लिहून घेतली आहेत.